चापड्याचं रान

आमच्या वाडीत पोराला चालता येऊ लागलं की सापांचा पहिला धडा मिळे. पायांत चपला नसत, विजेरी तर घरात एखादीच, त्यामुळे तो धडा पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा लवकर पाठ होई. आबा, म्हणजे माझे आजोबा, तो अगदी थोडक्यात सांगत, "फुरशाक पायाकडे बघूचा, चापड्याक नाकाकडे." फुरसं पाचोळ्यात, दगडाखाली, पायवाटेच्या कडेला असतं. चापडा असतो झुडपावर, वेलीवर, माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत. खाली बघून चालणारा फुरशापासून वाचतो, पण फांदी बाजूला सारायला हात घातला की तिथे चापडा. म्हणून आमच्याकडे रानात शिरणारा माणूस एकदा खाली आणि एकदा समोर, अशी मान हलवत चालतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं.

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. वर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे तेवढा नाही, पण ज्येष्ठात चुलीजवळ वाळत घातलेली चड्डी भाद्रपदातही दमटच लागायची, एवढं सांगितलं तरी पुरे. घराच्या मागे पोफळीची बाग, बागेच्या वरच्या अंगाला व्हाळ, आणि व्हाळाच्या पलीकडे सामाईक रान. किंजळ, जांभूळ, रानजायफळ, भेरली माड, आणि त्यांच्यावर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली. भरदुपारीही आत संध्याकाळ असे. सह्याद्रीतलं हे सदाहरित रान म्हणजे चापड्याचं घर.

लहानपणी मला वाटायचं की चापडे तीन जातींचे असतात. एक हिरवा, शेवाळासारखा. एक तपकिरी, वाळक्या पानांच्या रंगाचा, अंगावर काळपट नक्षी असलेला. आणि एक पिवळट, पिकल्या फणसाच्या सालीसारखा. आबा म्हणत, "एकच रे तो. आपल्याकडे नाय काय, एकाच आवशीची पोरा एक गोरा, एक काळा?" पुढे शिक्षक झाल्यावर पुस्तकं हाती आली, तेव्हा कळलं की आबांचं बरोबर होतं. या एकाच जातीत हिरवे, तपकिरी, पिवळे, नारिंगी, निळसर झाक असलेले असे कितीतरी रंग असतात. पुस्तकात त्याचं नाव मलबारी चापडा. जेर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५४ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आणि ज्याचं मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की हा साप सह्याद्रीची रांग सोडून जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. आम्ही ज्याला हातभर अंतरावर बघत वाढलो, तो बघायला लोक समुद्र ओलांडून येतात.

दिसायला तो दोन-अडीच फुटांचा, मान बारीक आणि डोकं भाल्याच्या पात्यासारखं तिकोनी. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तीच नाकपुडी वाटते. त्या खळग्याने त्याला उष्णता कळते. मिट्ट काळोखात उंदीर किंवा झोपलेलं पाखरू जवळ आलं, तर त्याच्या अंगाची ऊब चापड्याला जाणवते आणि त्या ऊबेवर तो नेम धरतो. बेडूक आणि पालीही त्याला चालतात. पावसाळ्यात व्हाळावर वाकलेल्या फांद्यांना उडते बेडूक फेसाची घरटी करतात. साबणाचा फेस पानाला चिकटवावा तशी ती दिसतात. त्या दिवसांत फेस दिसला की जवळपास चापडा असणार, हे आम्ही धरून चालायचो. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लंच जन्माला घालतो. बोरूएवढं पिल्लू, पण पहिल्या दिवसापासून विष घेऊन आलेलं.

त्याची खरी ओळख मात्र रंगाने किंवा खळग्याने होत नाही. त्याची खरी ओळख म्हणजे त्याचं बसणं. नाग फणा काढतो, धामण सुसाट पळते, फुरसं अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. चापडा बसून राहतो. शेपटीचा विळखा फांदीला, अंगाची गुंडाळी आणि डोकं खाली रोखलेलं. भक्ष्याच्या मागे तो जात नाही. भक्ष्य ज्या वाटेने येईल ती वाट निवडतो आणि वाट बघतो. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर.

आमच्या पोफळींवर मिरवेली चढवलेल्या होत्या. मिरी काढायची म्हणजे शिडी लावून वेलीत हात घालायचा. आबा आदल्या दिवशी सगळ्या पोफळी एकदा फिरून बघत. कुठे चापडा दिसला तर त्या झाडाच्या बुंध्याशी ऐनाची एक डहाळी खोचून ठेवत. दुसऱ्या दिवशी काढणीला आलेले गडी डहाळी बघून ते झाड सोडत. एकदा मी विचारलं, "आबा, तो रातचो गेलो असलो तर?" त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि काठीने लांबून दाखवलं. "बघ. काल होतो थंयच आज आसा. तो आपल्या कामाक बसलेलो आसा, आपण आपल्या कामाक जावया." चौथ्या दिवशी तो दिसला नाही. मग आबांनी डहाळी काढली, वेल काठीने हलवून बघितली आणि मगच शिडी लावली. एका झाडाची मिरी चार दिवस उशिरा निघाली, एवढंच काय ते नुकसान. कीर्तनात सांगतात तसली भूतदया आबांना सुचत नसे. हा हिशेब होता. चार दिवस थांबणं हे हात सुजवून घेण्यापेक्षा स्वस्त.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते मी १९९८ च्या चतुर्थीला पाहिलं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेली टांगायच्या: कवंडळं, कांगणी, हरणं, तेरडा, सुपारीचे घोस. ज्याच्या माटवीत रानातलं अधिक, त्याची माटवी मोठी. आदल्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतो, व्हाळापलीकडे गेला. कवंडळाची लालभडक फळं भेरली माडावर चढलेल्या वेलीला लागली होती. पाऊस झिमझिमत होता. त्याने वेल खाली ओढली, आणि वेलीवर बसलेला हिरवा चापडा त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला डसला.

दादा स्वतः चालत घरी आला. पडवीत बसला आणि एवढंच म्हणाला, "चापडो चावलो." बोटावर दोन टिपके, आणि त्यांतून पाझरणारं रक्त. शेजाऱ्याने दंडाला करकचून पंचा बांधला. कुणी म्हणालं जखम कापून रक्त काढा, कुणी म्हणालं अमक्या गावातला माणूस मुळी देतो. वहिनी देवघरापुढे बसून राहिली. गणपतीसाठी आणलेली रंगीत मखरं अर्धवट उघडलेली होती. तासाभरात मनगट सुजलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत कोपर सुजलं. दादा एरवी काटा रुतला तरी बोलणार नाही असा, पण गाडीत तो दात आवळून कण्हत होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी तो पंचा सावकाश सैल केला. आवळून बांधलं की विष तिथेच साठतं, बोट सडण्याचा धोका वाढतो, असं त्यांनी आम्हाला समजावलं. मग थोडं रक्त काढून काचेच्या स्वच्छ नळीत घेतलं, नळी खिडकीत उभी ठेवली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त गोठलेलं असेल तर चांगलं, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनून काम करतं आहे. ती वीस मिनिटं मी आजवर विसरलेलो नाही. खिडकीबाहेर पाऊस, आत एका नळीत दादाचं रक्त, आणि आम्ही चौघे त्या नळीकडे बघत उभे. नळी आडवी झाली. रक्त गोठलं होतं.

मी विचारलं, सापाच्या विषावरची लस देत नाही का? तेव्हा डॉक्टर म्हणाले की आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनते. चापडा त्या चौघांत नाही. त्याच्या विषावर या लसीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून सुजेवर, वेदनेवर, रक्तावर लक्ष ठेवून उपचार करायचे. चापड्याच्या दंशाने माणूस दगावणं विरळा, पण हात वाचवावा लागतो. ते ऐकून मला विचित्र वाटलं. ज्या चौघांनी देशात सगळ्यात जास्त माणसं मारली, त्यांच्यावर औषध आहे. आमच्या परसातल्या या गप्प बसणाऱ्यावर नाही. आजही कुणाला साप चावला तर मी तेच सांगतो: बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात हलवू नका, आणि मुळीच्या मागे न जाता सरळ दवाखाना गाठा.

दादा अकरा दिवसांनी घरी आला. गणपती बसले ते आम्हीच बसवले. माटवीला त्या वर्षी कवंडळं नव्हती. सूज उतरायला पुढे महिना गेला. तर्जनीचं पुढलं पेर वाकत नाही, ते आजही तसंच आहे.

चावला त्याच दिवशी तिन्हीसांजेला वाडीतले चार पोरगे काठ्या घेऊन व्हाळापलीकडे गेले होते. चापडा त्यांना शोधावा लागला नाही. वेल ओढून अर्धी खाली आली होती, पण तो तिच्यावरच होता. सकाळपासून दहा तास. दुसरा कुठलाही साप केव्हाच निघून गेला असता. काठीचा पहिला फटका बसेपर्यंत तो हलला नाही, असं त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात मर्दुमकी होती, पण ऐकणाऱ्या आयेने एवढंच विचारलं, "तो पळाक नाय?" कुणी उत्तर दिलं नाही.

पुढे ते सामाईक रान विकायची गोष्ट निघाली, ती २००६ च्या शिमग्यात. तालुक्यात तेव्हा रबराचं वारं होतं. केरळातून माणसं येत, डोंगर बघत, रोख व्यवहार करत. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं मला कारण नाही. ती कष्टाळू माणसं, आणि विकणारे तर आमचेच होते. सातबाऱ्यावर सहा वाटे. चार वाटेकरी मुंबईला. पडवीत सगळे बसले. धाकट्या काकांच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, फीचे पैसे नव्हते. आणखी एकाची गिरणी बंद पडून वर्षं झाली होती. रानातून वर्षाला काय मिळे? चार भारे लाकूड, टोपलीभर भिरंडं. पैशाची गरज खोटी नव्हती.

दादा तेवढा नाही म्हणाला. थोरले काका चिडले, "अरे, त्या रानापायी तुझो हात गेलो असतो. थंय चापडे आसत म्हणान सगळी वाडी भियता. आणि तूच नको म्हणतंस?"

दादाने हात मांडीवर ठेवला होता, ते एक बोट सरळ. म्हणाला, "चापड्यान माझा एक बोट घेतल्यान. पण ही झाडा गेली तर व्हाळ जातलो. मगे बागेक शिंपणा खयसून घालू? तुमी तुमचे वाटे काय ता करा. माका माझो वाटो तसोच होयो."

मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. माझा पगार होता, मला उभं राहणं सोपं होतं. त्याच्याकडे पगार नव्हता. त्या हाताने त्याला कोयताही पहिल्यासारखा धरता येत नव्हता आणि दोन मुलं शिकायची होती. म्हणून त्या दिवशी जे काही वाचलं ते त्याने वाचवलं, हे इथे लिहून ठेवतो.

चार वाटे विकले गेले. दिवाळीनंतर कटर आले. मी शनिवार-रविवार जायचो. झाड पडताना पाखरं उडतात, खारी उड्या मारतात, माकडं ओरडत दुसऱ्या झाडांवर जातात. चापडा उडी मारत नाही. झाड हादरलं की तो विळखा आणखी घट्ट करतो आणि झाडाबरोबर खाली येतो. वाऱ्यावादळात त्याला तारणारी सवय कटरपुढे त्याला मारते. कामगार फांद्या तोडताना तो हाताशी येई, मग काठी. एका दुपारी वाटेच्या कडेला सात चापडे ओळीने ठेवलेले बघितले: चार तपकिरी, दोन हिरवे, एक पिवळा. ज्या रानात आबा एकेका सापासाठी डहाळी खोचत, तिथले. कामगारांना तरी काय बोलणार? त्यांना तो साप म्हणजे दिवसभराच्या मजुरीतला धोका होता. डहाळीचा हिशेब ज्याला चार दिवस थांबता येतं त्याचा असतो.

आज तिथे रबर उभं आहे. रांगेत झाडं, खाली झाडून घेतल्यासारखी जमीन, बुंध्याला बांधलेल्या वाट्या. सात वर्षांनी चीक निघायला लागला. २०११ मध्ये रबराचा भाव चढला होता, पुढच्या चार-पाच वर्षांत तो निम्म्यावर आला. ते ऐकून वाडीत कुणाला आनंद झाला नाही, कारण तोवर आमच्यातलेच कितीतरी तिथे मजुरीला जात होते. काकांची मुलगी शिकली, पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीत येते तेव्हा सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येते. तिच्या शिक्षणाच्या बदल्यात रान गेलं असं म्हटलं तर तिचा अपमान होईल, आणि म्हटलं नाही तर रानाचा. मला दोन्ही करायचं नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच.

व्हाळाच्या दोन्ही कडांना दादाचा आणि माझा वाटा, मिळून दीड एकर, तसाच आहे. विकलेल्या बाजूने येणारी व्हाळाची एक पावळी आता शिमग्याआधीच आटते. आमच्या बाजूची वैशाखापर्यंत पाझरते. तेवढ्यावर बाग तग धरते. रबरात फिरलो तर मला चापडा कधी दिसत नाही. त्याला बसायला वेल नाही, खाली बेडूक नाही. दीड एकरात मात्र पावसाळ्याच्या एका रात्री आम्ही पाच मोजले.

मध्यंतरी बाहेरही बरंच झालं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या जंगलांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला बंदी घातली. २०२० मध्ये तिलारीचं काही रान संवर्धन राखीव झालं. हे सगळं चांगलंच. पण आमच्या दीड एकराला त्यातलं काहीच थेट लागू नव्हतं तेव्हा एक न वाकणारं बोट लागू होतं.

आता पावसाळ्यात कॅमेरे घेऊन मुलं येतात. आंबोलीला तर रात्री विजेऱ्यांची जत्रा असते. मुलं चांगली असतात, सापाचं नाव आमच्यापेक्षा नीट घेतात. कुणी तरी मात्र फोटोत पानं आड येतात म्हणून चापड्याला काठीवर घेऊन दुसऱ्या मोकळ्या फांदीवर ठेवतो. दादाला तेवढं खपत नाही. "तेना जागो निवडलेलो आसा. तू कोण हलयतलंस?" असं तो सरळ विचारतो. मुलं ओशाळतात. मग तो त्यांना चहा देतो आणि बोट दाखवतो.

गेल्या वर्षी वाटणीची कागदपत्रं वेगळी करायला आम्ही दोघे तलाठ्याकडे गेलो. सातबाऱ्यावर आमच्या त्या दीड एकरापुढे लिहिलंय: पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक, सरकारच्या लेखी जिच्यातून काही निघत नाही अशी जमीन. तलाठी म्हणाले, काजू लावा, नोंद बदलून देतो. दादाने चष्मा काढला, कागदाची घडी केली.

"ऱ्हवांदे तसाच," तो म्हणाला. "खराबो लिवलेलो बरो. कोण मागूक येवचो नाय."